आक्काच्या बेटावर सायकल

बेट म्हटलं की आमच्या घरातल्या पोरांना निळा समुद्र आणि नारळीची झाडं दिसतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या बेटावर पाच घरं, दोन बाभळी, एक लिंब आणि वांग्या-दोडक्याचे मळे होते. नारळीचं झाड एकही नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं नारळावरच अडलं.

हिवाळ्या-उन्हाळ्यात तिथं वाळूतून चालत जाता येई. पावसाळ्यात भीमा दोन्ही अंगांनी वाहू लागली की त्या जमिनीचं बेट होई. नरसिंहपुराच्या अलीकडं, इंदापूर तालुक्याच्या पार कडेला. आमचं गाव बारामतीजवळ, कालव्यावर. एवढ्या लांब लेक का दिली, असं मी वडिलांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पाणी बघून दिली." पाणी होतं खरं.

ती एकोणीसशे तिसानंतरची सालं. मी बावीस-तेवीसचा, नुकतंच बाशिंग उतरलेला, आणि गावातल्या एकुलत्या एका सायकलीचा मालक. बारामतीच्या कोर्टातल्या कारकुनाची बदली झाली आणि त्याची सायकल माझ्याकडं आली. मी ती रोज गोडेतेलाच्या चिंधीनं पुसायचो. बायको म्हणायची, "एवढं बैलाला पुसलं असतं तर दोन घास जास्त खाल्लं असतं."

पंचमीला मुराळी होऊन जायचं, म्हणजे सासरी जाऊन बहिणीला माहेरी आणायचं, हे काम माझं. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या साली मी सायकलवर निघालो. नदीकाठी पोचलो, तर नावेत शेळ्या भरलेल्या. नावाडी म्हणाला, "पाव्हणं, तुमी या. ते लोखंड हितंच ऱ्हाऊ द्या." काठावर राखायला कुणी नव्हतं. मी नावेकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं, आणि माघारी फिरलो. घरी सांगितलं, नदीला पूर आहे, नाव बंद आहे.

आईनं खरं मानलं. आक्कासाठी परड्यातल्या लिंबाला तिनं झोका बांधला होता, तो पंचमी झाली तरी सोडला नाही. म्हणायची, "पानी उतरलं की येईल ती." पाणी उतरलं तेव्हा घरोघर सुगी चालली होती, कुणी पाठवणार नव्हतं. पौषात आई गेली. तेव्हा आक्का वाळूतून चालत नदी ओलांडून आली. दहा दिवस राहिली. माझ्याशी चार शब्द बोलली असेल.

म्हणून त्या साली मी ठरवलं, आक्काला आणायचीच. आणि माझी अक्कल बघा: ज्या सायकलीपायी गेल्या साली नदी ओलांडली नाही, तीच यंदा पलीकडं नेली म्हणजे सगळं फिटलं, असं मला वाटलं. बायकोनं खण-नारळ फडक्यात बांधून दिला. "आत्याबाई असत्या तर त्यांनी दिला असता. ह्यो आक्कांच्या हातातच द्या," म्हणाली. माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची.

इंदापुरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर आलो. नावाडी तोच. त्यानं मला ओळखलं, त्याहून आधी सायकलीला ओळखलं.

"आनलं का पुन्यांदा लोखंड?"

"तात्या, यंदा नाव रिकामी हाय की."

"हाय. पर नवं वाहान पयल्यांदा नदीवर निघालं, तर नदीला नारळ द्यावा लागतोय. मी न्हाय मागत, ती मागती."

"हे वाहन जुनं हाय. कोर्टातलं."

"नदीला काय ठावं कोर्ट?"

आजूबाजूला दुकान नव्हतं. ढग उतरायला लागले होते. मी फडकं सोडलं आणि आक्काचा नारळ काढून दिला. नावाड्यानं तो दगडावर फोडला, अर्धा नदीत टाकला, अर्धा स्वतःच्या टोपलीत. मी सायकल नावेत आडवी घातली आणि ती भिजू नये म्हणून तिच्यावर आडवा झालो. मधल्या धारेत नाव कलली तेव्हा मी काठाला धरायचं सोडून हँडल धरलं. नावाडी म्हणाला, "बुडलासा तर दोघं संगं बुडशिला, काळजी नगं."

बेटावर उतरलो आणि चाकं फिरायची थांबली. काळा चिखल चाकांवरच्या पत्र्याच्या पंख्यांत असा बसला की सायकल ढकलतासुद्धा येईना. शेवटी खांद्यावर घेतली. दुसऱ्या खांद्याला फडकं. आक्काच्या दारात मी असा उभा राहिलो. मी सायकलवर नव्हतो, सायकल माझ्यावर होती.

आक्काची सासू ओसरीवर शेंगा निवडत होती. "आगं, तुझा भाऊ आला बघ. ओझं घिऊन," म्हणाली.

आक्का बाहेर आली. हसली नाही. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. फडकं घेतलं आणि सासूसमोरच सोडलं. खण निघाला. तिनं खण उचलून खाली बघितलं, फडकं झटकलं.

"नारळ?"

मी धोतराचा चिखल झटकायला लागलो.

"मोकळा खण कोन धाडतं रं? वैनीला ठावं न्हाय व्हय?"

"तिनं दिलता," मी म्हणालो. "नदीला गेला."

"कशापायी?"

मी सायकलीकडं बघितलं. सांगायची गरज उरली नाही. सासूनं मान खाली घालून शेंगा निवडायला घेतल्या, हे त्या बाईचे उपकार.

आक्का मला मळ्याकडं घेऊन गेली. दोडक्याच्या मांडवाखाली उभी राहून हळू बोलली, "गेल्या सालीबी ह्याच्यापायीच माघारी गेलास."

"पूर होता आक्का."

"मी काठाला हुबी हुते. गठुडं काखंत हुतं. शेळ्या नावंत चढताना दिसत हुत्या मला. आन् तू वळताना घंटी वाजवलीस."

ती घंटी मी कशाला वाजवली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. रस्त्यात कुणी नव्हतं.

"हितं मी सांगितलं, नावंचा दोर तुटला. काय सांगू? भाऊ लोखंड राखाया गेला म्हनू?" मग बराच वेळ दोडके तोडत राहिली. "आई काय म्हनली रं तवा?"

मी झोक्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. ती रडली नाही. दोडके ओच्यात भरून झाल्यावर म्हणाली, "यंदा मी यायची न्हाय."

"आक्का, माझं चुकलं."

"चुकलं तर हाईच. पर आता तितं झोका बांधनारं बी न्हाय."

मी पुष्कळ बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि दोडके फडक्यात बांधून दिले, तेच फडकं. काठापर्यंत बरोबर आली. मी सायकल खांद्यावरून नावेत ठेवल्यावर म्हणाली, "म्होरल्या साली ये. मोकळा ये."



पलीकडं उतरून वळून बघितलं. ती तिथंच उभी होती, गेल्या साली जिथं असेल तिथंच. काडीनं पंख्यांतला चिखल काढला, तरी मला सायकलवर बसवेना. ती घराकडं वळेपर्यंत मी हँडल धरून उभा राहिलो, घंटीवर तळहात दाबून. मग इंदापूरच्या वाटेला चालत लागलो.