अभिषेकाच्या वाटेवरचे जॅकेट

ज्याच्या मस्तकावर अखंड जलधारा धरावी आणि ज्याने ती प्रसन्नपणे सोसावी, त्या श्रीशंकराला प्रथम नमस्कार असो. आज श्रावणी सोमवार. पूजा आटोपली आहे, आणि आमच्या डोंबिवलीच्या जावईबापूंनी फोनवरून विचारले आहे की भर पावसात सायकलीवर घालण्यासाठी जॅकेट कोणते घ्यावे. ते कारखान्यात सायकलीने जातात. उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. परंतु त्या निमित्ताने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा एक श्रावण आठवला, तो लिहून ठेवतो.

त्या काळी आम्ही ठाण्यात राहत होतो. माझी उपजीविका पौरोहित्याची आणि वाहन सायकल. कोलशेतला खाडीलगत महादेवाचे एक लहान देऊळ आहे. त्याची व्यवस्था पाहणारे वृद्ध कोळी गृहस्थ श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत माझ्याकडून रोज अभिषेक करवीत. पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की त्यांच्या घरची होडी मासेमारीसाठी पाण्यात उतरे. आदल्या वर्षी मी भिजून तापाने अंथरुणाला खिळलो आणि अभिषेकात खंड पडला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मात्र गावातल्या इतर होड्या गेल्या तरी त्यांची होडी गणेश चतुर्थीपर्यंत किनाऱ्यावर पालथीच राहिली. तिच्यावर त्यांच्या दोन मुलांचे संसार चालत होते.

त्या वर्षी संकल्प सोडण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, आवंदा खंड परूं देव नका."

घरी सौभाग्यवतींचे म्हणणे निराळ्या शब्दांत तेच होते. "अहो, देवावर पाणी घालायला जाता की स्वतःवर? या वेळी ताप आला तर सायकलीला मी कुलूप लावीन."

छत्री एका हाताने धरून सायकल चालवण्याचे माझे वय राहिले नव्हते. रबरी रेनकोट होता, तो इतका जड आणि कोंदट की बाहेरून कोरडा राहिलेला मनुष्य आतून घामाने भिजे. डोक्यावरून घ्यायची मोकळी खोळ खाडीच्या वाऱ्याने अशी फुगे की सायकल रस्ता सोडून जाई. म्हणून कल्याणच्या बाजारात गेलो. तेथील एका दुकानात नायलॉनची हलकी जॅकेटे नुकतीच आली होती. आतल्या बाजूला पांढुरका गुळगुळीत लेप, घडी केली तर पिशवीच्या कोपऱ्यात मावावी इतकी पातळ.

मी एक अंगात घालून दुकानातच पुढे वाकलो, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे ताणले. उभ्याने नीट वाटणाऱ्या बाह्या लगेच मनगटावरून मागे सरकल्या आणि पाठ उघडी पडली.

दुकानदार गादीवरून पाहत होता. "गुरुजी, सायकलच आत आणू का?"

"आणलीत तर उपकार होतील," मी म्हणालो. "जॅकेट उभ्या माणसासाठी शिवलेले दिसते. मला वाकलेल्यासाठी हवे."

अखेरीस पाठीमागे लांब, बाह्यांच्या टोकांना इलॅस्टिक, काखेत हवेसाठी बारीक भोके, आणि मान वळवली तर टोपीही वळेल असे एक मिळाले. आकाराने मोठे होते, तेही हवेच होते. निवड उत्तम झाली, असे आजही माझे मत आहे.

अडचण पुढची. मी घरूनच स्नान करून धूतवस्त्र नेसून निघत असे, कारण देवळात वस्त्र बदलण्यास आडोसा नव्हता. त्या वस्त्राला जॅकेट लागणार. आणि कोरे कापड धुतल्यावाचून सोवळ्याला कसे चालेल? सौभाग्यवतींनी ते कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवले. सकाळी बादलीत पांढरे पापुद्रे तरंगत होते.

"किती खळ घातली आहे मेल्यांनी!" असे म्हणत त्यांनी ब्रशने ती शेवटच्या कणापर्यंत काढली. मीही जवळ उभा राहून एक सुटलेला कोपरा दाखवला. नव्या धोतराची खळ काढतो तशीच ही, याविषयी आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

पहिले काही दिवस पाऊस भुरभुरता होता. षष्ठीला मात्र तो कोसळला. कारखान्यांचे ट्रक शेजारून पाणी उडवीत होते, आणि अर्ध्या वाटेत पाण्याची गार रेघ माझ्या पाठीवरून कमरेपर्यंत उतरली. देवळात पोचून जॅकेट उलटे केले, तर आतला लेप नाहीसा झालेला. बाहीतून दाराचा उजेड दिसत होता. खळ म्हणून काय काढले ते तेव्हा समजले.

ओल्या वस्त्रांतच अभिषेक पुरा केला. दात वाजत होते, त्यामुळे मंत्र सावकाश म्हणावे लागले. वृद्धांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि खाडीकडे पाहिले. "तुमी जीव सांबाला, गुरुजी. होरीचं काय, ती ऱ्हाईल." त्यांच्या या समजूतदारपणाने मला थंडीपेक्षा अधिक ग्रासले.

त्याच दुपारी काढा घेऊन पुन्हा कल्याण गाठले.

"आणखी एक? भावासाठी का?" दुकानदाराने विचारले.

"नाही, माझ्याचसाठी. पहिल्याची खळ काढली."

तो पोट धरून हसला. "अहो गुरुजी, तुम्ही जॅकेटाला अभ्यंगस्नान घातलंत!"

नवे जॅकेट घरी आले आणि कोडे जसेच्या तसे राहिले. धुवावे तर निरुपयोगी, न धुवावे तर कोरे. मी ग्रंथ काढण्याच्या विचारात असताना सौभाग्यवती म्हणाल्या, "छत्री कधी धुऊन सोवळ्यात घेतली आहे का आपण? ती दाराबाहेर राहते. हेही राहील. सोवळं निराळं बांधून न्या."

एवढे सरळ होते. जुना पंचा नेसायचा, धूतवस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचे. मोठा आकार येथे उपयोगी पडला. राहता राहिला आडोसा. सप्तमीला हे वृद्धांना सांगितले, तेव्हा त्यांनी मुलांना हाक मारून होडीचे जुने शीड आणवले आणि मंडपाच्या कोपऱ्यात दोरीवर बांधले. त्यामागे मी कोरडे वस्त्र नेसलो. जॅकेट बाहेरच्या खुंटीवर निथळत होते.

अंगातली कसर दोन दिवसांत उतरली. त्यानंतरही पाऊस थांबला नाही. अभिषेकही थांबला नाही. नारळी पौर्णिमेला शेवटची धारा झाल्यावर वृद्धांनी नारळ हाती घेतला, मुलांनी होडी ढकलली, आणि ती पाण्याला लागताच ते मला म्हणाले, "चला गुरुजी, आता तुमी बी बसा होरीन." मी काठावरूनच हात जोडले.

तेव्हा जावईबापूंनी हलके, पाठीशी लांब जॅकेट घ्यावे, वाकून पाहावे, आणि सोड्यापासून दूर ठेवावे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरातली माणसे पावसापाण्यातून सुखरूप परत येवोत, चूल पेटती राहो, आणि त्या घरावर महादेवाची कृपा सदैव असो.