फडकं असलेलं घर

गल्लीत दर दोन-चार वर्षांनी नदी घुसायचीच, आणि ती घुसली की इस्त्रीवाल्याच्या अंगात यायचं. एरवी मान खाली घालून शर्टांच्या कॉलरी दाबणारा हा माणूस पुरात अख्ख्या गल्लीवर हुकूम सोडायचा. घर रिकामं केलं की कडीला पांढरं फडकं बांधायचं, हा नियम त्याचाच. फडकं दिसलं की होडीने थांबायचं नाही, पुढचं दार गाठायचं. त्याआधी लोक रिकाम्या घरांची दारं बडवत बसायचे आणि अडकलेले तसेच राहायचे. फडक्याने किती जीव वाचवले हे गल्ली कौतुकाने सांगायची. तोही सांगायचा, जरा जास्तच.

या वेळी पाणी भर दुपारी चढलं. त्याने म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर बसवलं, घरी येऊन कडीला फडकं बांधलं आणि सुताराच्या होडीत बसून तो गल्ली पिंजून काढायला निघाला.

आईची कवळी मात्र घरीच राहिली होती. बोळक्या तोंडाने चार बायकांत बसायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. पोराची पाठ वळताच ती गुडघाभर पाण्यातून मागच्या दाराने घरात शिरली. कवळी सापडेना, पाणी थांबेना. शेवटी ती माळ्यावर चढली.

होडी त्याच दारावरून गेली. सुताराने वल्हं रोखलं, आत कसलातरी आवाज येतोय म्हणाला. इस्त्रीवाल्यानेही ऐकला, फुसफुसता, रडवेला. त्याला हसूच आलं. अरे, माझंच घर आहे, मांजर असेल, फडकं दिसत नाही का, म्हणत त्याने होडी पुढे काढायला लावली. पुढच्या घरातून त्यांनी लेकुरवाळी बाई सुखरूप काढली.

संध्याकाळी शाळेत आईची जागा रिकामी. ती तुझ्याच मागे गेली ना, असं शेजारीण म्हणाली आणि त्याला घरातला तो आवाज आठवला. सुतार आणि तो तसेच परत फिरले, कौलं उचकटली. आई माळ्यावर काकडत बसली होती आणि पाणी फळ्यांना लागलं होतं.

शाळेत सगळे त्याची समजूत घालत होते. एवढ्या पाण्याच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार, आई वाचली हे काय थोडं झालं. सुताराने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, यापुढे फडकं असो नसो, प्रत्येक दारी हाक मारून कान द्यायचा. इस्त्रीवाला ऐकत नव्हता. त्याने आईला विचारलं, तू हाक का नाही मारलीस? नाहीच मारली असं तिने म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

आई रागावलेली नव्हती. थकलेली होती.

"मारली की रे," ती म्हणाली. "तुझा आवाज ओळखला, म्हणून तर मारली. तू म्हणालास, मांजर असेल."