सात पत्त्यांचा जावई

त्या प्रकरणातला एकेक कागद मला आजही क्रमाने आठवतो. खरे तर ते मोठे प्रकरण नव्हते. कोणी जखमी झाले नाही, कोणाला अटक झाली नाही, गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्या अहवालावर सही करताना मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, तो हाच.

निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे मी गोंदियाला जिल्हा विशेष शाखेत होतो. पारपत्राची पडताळणी आणि परदेशी जाणाऱ्यांचे चारित्र्य अहवाल हे आमचे रोजचे काम. सकाळी टपाल फुटायचे, आवक क्रमांक पडायचे आणि दुपारपर्यंत टेबलावर गठ्ठा यायचा. त्या गठ्ठ्यात मार्चअखेरीस एक निनावी अर्ज आला. संगणकावर टाइप केलेला, दोन पानांचा.

अर्जाचा मजकूर थोडक्यात असा होता. मुर्री गावातील एक विवाहित मुलगी युरोपात नवऱ्याकडे जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करत आहे. नवरा म्हणवणारा इसम अठ्ठावीस महिन्यांत सात ठिकाणी राहिला आहे. घरून पाठवलेली पार्सले परत येतात. हा इसम नवरा नसून दलाल असावा, मुलीला विकण्याचा डाव असावा, तरी तिला पोलीस दाखला देऊ नये. खाली सातही पत्ते क्रमांक घालून दिले होते.

निनावी अर्ज आम्ही सहसा दप्तरी दाखल करतो, म्हणजे चौकशी न करता ठेवून देतो. पण मुलगी विकण्याचा आरोप असेल तर तसे करून चालत नाही. वरिष्ठांनी समासात लिहिले, ‘सखोल चौकशी करून अहवाल द्यावा.’ मुलीची फाईल माझ्याकडेच होती. मी ती बाजूला काढली.

मला आकड्यांची सवय आहे. अठ्ठावीस महिने, सात पत्ते. भागाकार केला तर एका पत्त्याला चार महिने. मग मुलीने पोलीस दाखल्याच्या अर्जासोबत जोडलेली नवऱ्याच्या पत्त्यांची यादी काढली. त्यात सहाच पत्ते होते. निनावी अर्जातला सहावा पत्ता, एका बंदराच्या गावचा, यादीत नव्हता. म्हणजे नवऱ्याने एक पत्ता लपवला होता आणि अर्जदाराला तो माहीत होता. मी कच्च्या कागदावर लिहून टाकले: ‘पतीचा पत्ता अस्थिर. माहिती दडविल्याचा संशय. शिफारस नाही.’

आमच्या शाखेत एक महिला हवालदार होत्या. वीस वर्षांची नोकरी, बोलायला सडेतोड. त्यांनी तो कागद वाचला आणि परत ठेवला.

“सर, एक विचारू? तुमच्या बदल्या किती झाल्या?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही जी. तुमच्या सासऱ्यांनी असा अर्ज नाही केला कधी, म्हणून विचारलं.”

मी कच्चा कागद फाडला आणि मुलीला वडिलांसह कार्यालयात बोलावले.

ती आली तेव्हा तिला पाचवा महिना चालू होता. नवरा दिवाळीत दीड महिन्याच्या रजेवर आला होता, हे तिने न विचारताच सांगितले. हातात जाड फाईल होती. वडील मागे उभे होते, साठीच्या आसपासचे, धानाच्या शेतीवरचे माणूस, पांढरा सदरा, पायांवर धूळ. मी बसा म्हटल्यावरही ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“नवरा एवढी घरं काऊन बदलतो?” मी विचारले. चौकशीत मी मुद्दाम गावच्या बोलीत बोलतो. माणसे मोकळी होतात.

“साहेब, ते पवनचक्कीवर काम करतात. वर चढून दुरुस्ती. एका जागचं काम झालं की कंपनी दुसरीकडे पाठवते. साइट बदलली की रूम बदलते.”

“मग तू आता कोणत्या रूमवर जाणार?”

“आता त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं आहे, लेखी करारानं. मी येणार म्हणून त्यांनी कंपनीला सांगितलं की आता एका जागेवरचंच काम द्या. पगार कमी झाला तरी चालेल म्हणाले.” ती थांबली. “दूतावासात माझी तारीख बावीस दिवसांनी आहे साहेब. तुमचा कागद नसेल तर फाईल घेत नाहीत. पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. आणि सातवा उलटल्यावर विमानात बसू देत नाहीत. मग बाळ झाल्यावर पुन्हा नवीन अर्ज, बाळाचा वेगळा. एखादं वर्ष जाईल.”

तिचा हिशेब बरोबर होता. प्रश्न एवढाच की तो माणूस खरा आहे का.

तिच्याच फोनवरून मी नवऱ्याशी व्हिडिओवर बोललो. आमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते, तिकडे तो जेवणाचा डबा उघडून बसला होता. तिरोड्याजवळच्या बोदलकसाकडचा मुलगा. मी त्याला एकेका घरात केव्हापासून केव्हापर्यंत राहिला ते विचारले. चौकशीत मी एक गोष्ट नेहमी पाहिली आहे. रचून सांगणारा माणूस एक तारीख ते तीस तारीख असे गोल सांगतो. हा मुलगा अडखळत होता. “नाही सर, थांबा, तो रविवार होता, म्हणजे अकरा तारीख,” असे स्वतःच दुरुस्त करत होता.

“त्या देशात राहायला गेलं की नगरपालिकेत नोंद करावी लागते सर,” तो म्हणाला. “प्रत्येक घराची पावती मिळते. माझ्याकडे सर्व आहेत.”

मुलीने फाईलमधून नोंदणीच्या पावत्यांच्या प्रती काढल्या. मी मोजल्या. सहा. यादीतल्या सहा पत्त्यांशी तारखा तंतोतंत जुळत होत्या. मग मी बंदराच्या गावाचे नाव घेतले.

तो लगेच हो म्हणाला. “तिथं तेवीस दिवस होतो. कंपनीच्या वसतिगृहात. इतक्या कमी दिवसांची नोंद करावी लागली नाही, म्हणून यादीत टाकलं नाही. कंपनीचं पत्र मागवून देतो. पण सर, तो पत्ता तुमाले कुठून भेटला?”

मुलगीही माझ्याकडे बघत होती. “तो पत्ता तर घराबाहेर कोणालाच माहीत नाही,” ती म्हणाली. “त्याच्यावर फक्त एक पार्सल पाठवलं होतं. ते परत आलं.”

वडील खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार बाई मुर्रीला गेलो. घराची पडताळणी तशीही करायचीच होती. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. लग्न गावातच झालेले, जेवायला अर्धे गाव होते, जावई दिवाळीत येऊन मळणीला हात लावून गेला. विवाह खरा होता याबद्दल शंका उरली नाही. मग घरात चहा झाला आणि मी मुलीला म्हटले, “परत आलेलं ते पार्सल आहे का?”

कपाटावर तीन पार्सले होती. तिने खाली काढली. त्या देशाच्या टपाल खात्याचा शिक्का, ‘राहत नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी. माणूस पुढच्या गावाला गेल्यावर पार्सल पोहोचले होते, एवढेच. पण मी चिठ्ठी वाचत नव्हतो. पत्ता वाचत होतो. तो जाड पेनाने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिला होता. सुरुवातीला ‘ॲट पोस्ट’ आणि त्या बंदराचे नाव. पुढे ‘तह.’ आणि त्यासमोर लांब रेघ. पुढे ‘जि.’ आणि प्रांताचे नाव.

मी पिशवीतून निनावी अर्जाची प्रत काढली. सहावा पत्ता: ‘मु. पो.’ आणि बंदराचे नाव, ‘तह. —’, ‘जि.’ आणि तेच प्रांताचे नाव. सातही पत्ते तसेच. आमच्या भागात मुक्काम पोस्ट, तहसील आणि जिल्हा लिहिल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही, म्हणून पहिल्या वाचनात ते माझ्या डोळ्यांना खुपले नव्हते. पण युरोपातल्या गावाला तहसील शोधणारा आणि सापडली नाही म्हणून तिची जागा रेघ मारून प्रामाणिकपणे मोकळी सोडणारा माणूस जिल्ह्यात दुसरा असण्याची शक्यता नव्हती.

“पार्सलवर पत्ता कोण लिहितं?”

“बाबाच लिहितात,” मुलगी म्हणाली.

मी तिला काही बोललो नाही. वडिलांना म्हटले, “चला, तुमचं खळं दाखवा.”

खळ्यात धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगाला टेकून ते उभे राहिले. मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

“तुम्हीच केलाय ना?”

“हो जी.”

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. “जावयाला दलाल लिहिलंत?”

“मी तसं नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, दाखला दोन-तीन मयने लांबवा, एवढंच लिहा. टायपिंगवाला म्हणे, काका, साधं लिहिलं तं कोणी पाहत नाही, जरा कडक लिहू. त्यानं लिहिलं. मी घेऊन आलो.”

“पण लांबवायचं कायले?”

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. “सायेब, पयलं बाळंतपण मायेरी होते. सातव्यात पोरगी घरी आणतात आमच्यात. आता तिले सातव्याच्या आधीच तिकडं जावं लागून राहिलं. कोणाकडं? ज्याले सोताचं घर मालूम नाही त्याच्याकडं. आज या गावी, उद्या त्या गावी. मी शेंगदाण्याचे लाडू पाठवतो तं ते परत येतेत. उद्या पोरीले रातच्याला कळा आल्या, तं कोणत्या दारावर हाक मारू मी? आमच्या बापजाद्याचा पत्ता कधी बदलला नाही. एकच घर, एकच सातबारा.”

ते रागात नव्हते. घाबरलेले होते. या भागातली बरीच शेतकरी घराणी काही पिढ्यांपूर्वी बाहेरून येऊन वसलेली, हे मला ठाऊक होते. म्हणून विचारले, “तुमचे पूर्वज कुठले?”

“माळव्याचे. सर्वेले मालूम आहे.”

“मग पत्ता बदलला की एकदा.”

“ते वेगळं.” ते जरा ताठ झाले. “ते काही असे एकटे भटकले नाही. बैलबंडीत बायका, पोरं, भांडेकुंडे सारं घालून आले. मानसानं बिऱ्हाड मागं टाकून जाऊ नये.”

“जावई काय करून राहिला मग?”

ते तणसाची एक काडी मोडत राहिले.

“बिऱ्हाड मागं राहिलं म्हणून तो बोलावून राहिला,” मी म्हटले. “तिच्यासाठी दोन खोल्या घेतल्या, फिरतीचं काम सोडलं. आणि बंडी तुम्ही अडवून धरली.”

खळ्याच्या कुडावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. मग ते म्हणाले, “आता मले अटक होईन?”

खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई करता आली असती. पण पत्ते खरे होते, निष्कर्ष तेवढा खोटा होता. मी त्यांना सांगितले, “तुमचा जबाब घेणार, जे आहे ते लिहिणार. मी कागदावर काही लपवत नाही. पण अहवाल जाण्याआधी पोरीला तुम्ही स्वतः सांगायचं. माझ्याकडून तिला कळता कामा नये.”

त्यांनी त्याच पावली घरात जाऊन सांगितले. मी ओसरीवर होतो. आतून मुलीचा आवाज आला.

“बाबा, तुम्ही तोंडानं म्हटलं असतं तं मी थांबली असती.”

“म्हनूनच नाही म्हटलं,” ते म्हणाले. “तू थांबली असती. मंग जलमभर म्हटलं असतं, बाबानं थांबवलं.”

“आता काय म्हणू?”

हवालदार बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, जबाब नंतर घेऊ.” आम्ही गाडीत जाऊन बसलो. वीस मिनिटांनी वडील स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, लिहा.

कंपनीचे पत्र तिसऱ्या दिवशी आले. अहवालात मी सात पत्त्यांचा तक्ता केला: गाव, तारीख पासून, तारीख पर्यंत, पुरावा. सहा ओळींत पुरावा म्हणून नोंदणीची पावती, एका ओळीत कंपनीचे पत्र. एकही दिवस मोकळा राहिला नाही. खाली लिहिले, ‘पत्ता वारंवार बदलण्याचे कारण नोकरीचे स्वरूप. प्रत्येक बदलाची नोंद उपलब्ध. निनावी अर्ज मुलीच्या वडिलांनी काळजीपोटी केल्याचे त्यांनी जबाबात मान्य केले आहे. हरकत नाही.’ वरिष्ठांची सही होऊन दाखला निघाला तेव्हा दूतावासाच्या तारखेला तेरा दिवस बाकी होते. ती सहाव्या महिन्याच्या अखेरीस गेली. नागपूरच्या विमानतळावर सोडायला वडील गेले होते, हे मला हवालदार बाईंकडून कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे मी निवृत्तीनंतर एकदा कागदावर मांडून पाहिले. तेहतीस वर्षांत माझी अकरा ठिकाणी बदली झाली. त्यातल्या नऊ ठिकाणी बायको माझ्यासोबत सामान बांधून आली. दोन ठिकाणी मुलांच्या परीक्षांमुळे मागे राहिली. त्या दोन ठिकाणांबद्दल आम्ही दोघेही फारसे बोलत नाही. माझ्या सेवापुस्तकात ‘कायमचा पत्ता’ म्हणून आमगाव तालुक्यातले वडिलांचे घर लिहिलेले आहे. तिथे मी अठराव्या वर्षानंतर सलग आठ दिवसही राहिलो नाही. असे असून मी त्या मुलाच्या नावापुढे ‘अस्थिर’ हा शब्द एका मिनिटात लिहिला होता. फसवणाऱ्या माणसाला एक पत्ता पुरतो. तो त्याला चिकटून राहतो. ज्याने सात घरे बदलली आणि मिळालेली प्रत्येक पावती जपून ठेवली, त्याला कोणीतरी आपल्याला शोधत येईल असे वाटत होते. पोलीस म्हणून मला हे आधी दिसायला हवे होते.

वडील पुन्हा एकदा भेटले. मी निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात ते कार्यालयात आले. हातात पार्सल होते. नात झाली होती. आत झबली, टोपडी आणि डिंकाचे लाडू होते.

“पत्ता बरोबर आहे का, पाहून द्या सायेब. तुमच्याजवळ त्या गावाचा कागद आहे.”

मी पाहिले. घर क्रमांक, रस्ता, गाव सर्व बरोबर होते. वर ‘ॲट पोस्ट’ होते, खाली ‘तह.’ आणि त्यासमोर रेघ.

“एवढं खोडा,” मी म्हटले. “तिकडे तहसील नसते.”

“राहू द्या जी,” ते म्हणाले. “कोणाले मालूम, उद्या करतीन.”

मी खोडले नाही. दीड महिन्याने बाजारात हवालदार बाई भेटल्या, त्यांना मी पहिला प्रश्न त्या पार्सलचाच विचारला. पार्सल परत आले नव्हते.