बर्फातला काष्टा

गार हवेत पेट्रोलचा वास आला की मनालीजवळची ती बर्फावर धावणारी स्कूटर आठवते. भाताची झोडणी उरकून मी आईला घेऊन गेलो होतो. घरातला पहिला पदवीधर मी, सगळा बेत मीच आखलेला. पांढऱ्याशुभ्र उतारावर स्कूटर धडधडत होती, पण चालक आईच्या नऊवारीकडे बघून म्हणाला, “माताजी, साड़ी मशीन में फँसेगी. नहीं बैठ सकतीं.” मुळशीहून एवढ्या लांब येऊन आई आता नुसती बघत राहणार होती. तिनं मात्र भातलावणीला खोचते तसा काष्टा भाड्याच्या गमबुटांच्या वर ओढून घट्ट खोचला. “चिखलात न्हाई अडकत, हितं काय अडकतंय? चल, बस म्होरं!” तिनं चालकालाच फर्मावलं. त्याला हसू आवरेना. दोघं फेरी मारून आले, तेव्हा म्होरं आई होती, हँडल तिच्या हातात, अन् तो मागं. यंदाच्या हिवाळ्याचा बेत तिनंच आखलाय. मी मागं बसणार आहे.