देवीदासच्या सायकलचा मागचा ब्रेक

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक खोडी ठाऊक आहेत. मी घोरतो, गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणून चार खेपा घालायला लावतो, भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवतो — सगळं तिला माहीत आहे आणि ती ते पाहुण्यांना रंगवून सांगतेही. ही एक गोष्ट मात्र तिला माहीत नाही. तिलाच काय, आमच्या उमरखेडात कोणालाच नाही. सायकलवाल्या सलीमभाईला थोडा वास आला असेल, पण तो काही बोलला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही देवीदासला ओळखत नाही, एवढं एकच कारण मला सापडतं.

माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. आयुष्य त्यातच गेलं. मोटार सुरू केली की नुसत्या आवाजावरून सांगतो — बेअरिंग गेलंय, की आत काही घासतंय. फुशारकी मारत नाही. पुढे हे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

देवीदास माझा शाळेपासूनचा मित्र. गावाला लागून त्याचं वावर, सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले. त्याच्या भाच्यानं पुण्याला जाताना आपली गिअरची सायकल मामाला देऊन टाकली होती. लाल रंगाची, डोंगरात चालवायची म्हणतात तसली, बारा-तेरा वर्षं जुनी. रंग उडालेला, सीट फाटलेली. देवीदास तिच्यावर वावरात जायचा, बाजारात जायचा, आणि रविवारी सकाळी माझ्याबरोबर ढाणकी रोडनं फेरी मारायचा.

त्या वर्षी डॉक्टरनं मला साखर सांगितली, म्हणून मी सायकल घेतली होती. कोरी करकरीत. हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली — सगळा सरंजाम. आणि गंमत ऐका. त्या रस्त्यावर एक चढ आहे, चढाच्या माथ्यावर चहाची टपरी. जो आधी पोचेल त्यानं दोघांचा चहा सांगायचा, असा आमचा रिवाज पडला होता. मी एकदाही चहा सांगितला नाही. एकदाही नाही! मी धापा टाकत वर पोचायचो तेव्हा हा पायात रबरी चप्पल घालून बाकावर बसलेला असायचा.

"ये वसंता, च्या सांगतला तुह्या. बिनसाखरेचा."

तो चिडवत नव्हता हो. तेच तर खुपायचं. चिडवलं असतं तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. तो खरंच माझी वाट बघत बसायचा. तुम्हाला असं कधी झालंय का — एखाद्याचा चांगुलपणाच डोळ्यांत कुसळासारखा सलतो?

एका रविवारी चहा पिता पिता त्यानं विचारलं, "वसंता, तुले यातलं समजते. या जुन्या सायकलले काही नवं लावण्यात अर्थ हाय का? का राहू देऊ अशीच?"

खरं उत्तर मला माहीत होतं. त्या सायकलचा सांगाडा उत्तम होता. टायर झिजले होते, चेन सैल झाली होती, ब्रेकचे रबर गेले होते. एवढं बदललं असतं की अजून दहा वर्षं पळाली असती. बाकी कशालाही हात लावायची गरज नव्हती. हे सांगायला किती वेळ लागला असता? एक घोट चहा.

मी म्हणालो, करायचं तर नीट कर. पुढे शॉकअप बसव, जाड टायर टाक म्हणजे बाभळीचा काटा घुसायचा नाही, नवी चाकं घे आणि डिस्कचे ब्रेक लाव. देवीदासनं मान डोलावली. मी सांगितलं म्हणजे झालंच.

सलीमभाईनं सामान पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "वसंतभाऊ, गाडी हल्की है इसलिए तो भागती है. टायर, चेन, ब्रेक के रबर बदल दो, बस. ये बोझा कायको लाद रहे उसपे?" मी म्हणालो, तू बसव. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पाना उचलला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? चुकीचा सल्ला दिला, मत्सरानं दिला, सायकल जड झाली — यात एवढं काय? मीही पुष्कळ दिवस स्वतःला असंच सांगत होतो. वाटलं होतं, हे लिहिताना इथेच थांबावं. पण मग हा कबुलीजबाब कसला? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, त्यातला प्रकार.

जड सायकल घेऊनही तो पहिल्या रविवारी माझ्याआधी वर पोचला. थोडासाच आधी, पण आधी. बाकावर बसून हसत होता. "लय मस्त झाली बे गाडी!"

पुढच्या रविवारी निघताना तो म्हणाला, मागचा ब्रेक जरा ढिला वाटतो, बघ. डिस्कच्या ब्रेकला एक बारीक पेच असतो. किल्लीनं फिरवला की आतली पट्टी चकतीच्या जवळ सरकते. फिरताना हाताला टक् असं लागतं. ब्रेक नीट व्हायला एक टक् पुरे होता. तो मी दिला. मग — मी आणखी एक दिला.

चाक उचलून फिरवलं. दोन फेरे घेऊन थांबलं. सूं सूं असा बारीक आवाज. मी सांगितलं ना, आवाज मला कळतो. पट्टी घासत होती. मी चाक खाली ठेवलं आणि म्हणालो, "झालं. चाल."

त्या दिवशी चहा मी सांगितला.

काय वाटलं मला? लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. नाही वाटली. मला आनंद झाला. टपरीवाल्याला दोन बोटं दाखवताना माझी छाती फुगली होती. देवीदास आला, घाम पुसत म्हणाला, "आज पाय भरून आले राज्या." मी म्हणालो, नवे टायर आहेत, सुरुवातीला जड लागतात.

पट्टी हळूहळू झिजते, मग चाक मोकळं होतं. म्हणून दर रविवारी निघताना तो म्हणायचा, "ब्रेक पाह्यले का रे?" आणि मी बसून पाहायचो. टक्. सलीमभाईकडे न्यायला निघाला तर मी म्हणायचो, कायले जातं, मी हावो ना. पावसाळा असाच गेला. त्याला माथ्यावर यायला उशीर होत गेला. मग तो चढावर उतरून चालायला लागला. एकदा बाकावर बसून आपल्याच मांड्या दाबत म्हणाला, "माह्या पायातच दम नाही राह्यला." मी म्हणालो, "होते बे. वय झालं आपलं." आपलं! त्याच्या वयात मी माझंही घालून दिलं, सोबत म्हणून.

आणि मग भाऊबीज आली.

देवीदासची मोठी बहीण कुंदाताई ढाणकीत दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हापासून दर भाऊबीजेला देवीदास तिच्याकडे सायकलवर जायचा. आधी काळ्या सायकलवर, मग त्या लाल. घरी मोटरसायकल आली तरी त्या दिवशी सायकलच. ती दारात उभी राहून वाट बघायची आणि शेजारच्या बायांना ऐकवायची, "माहा भाऊ सायकलवर येते, येस्टीनं नाही." मला सख्खी बहीण नाही. शाळेत असल्यापासून कुंदाताई मलाही ओवाळते. मी मोटरसायकलवर मागून जायचो आणि पाटावर दुसरा बसायचो. त्या वर्षी मी म्हणालो, मीही सायकलवर येतो.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मला एकदा त्या दारात आधी पोचायचं होतं. बस. बावन्न वर्षांच्या माणसाला हे हवं होतं.

सकाळी त्याच्या अंगणात मी ब्रेक पाहिले. दोन वेळा टक् केलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, वेचणी चालू होती, बाया हात करत होत्या. मी पुढे निघालो. पहिल्या चढानंतर मागे वळून पाहिलं तर तो दिसत नव्हता. थांबावं का? मी थांबलो नाही. ढाणकीत शिरलो, कुंदाताईच्या गल्लीत वळलो. ती दारातच होती. मी घंटी वाजवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"देवीदास कोठी हाय?"

येतोच आहे, मी म्हणालो. तिनं पाणी दिलं. निरांजन तयार होतं, ते तिनं विझवून ठेवलं. मी ओसरीत बसलो. ती दारात जाऊन आली. परत गेली. तिच्या नवऱ्यानं चहा विचारला, मी नको म्हटलं. रस्त्यानं जाणारी प्रत्येक सायकल ती बघत होती. एक येस्टी गेली, दुसरी गेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला आतून कळत होतं की उठावं, सायकल काढावी, त्याला बघायला जावं. मी बसून होतो. खिशात ती किल्ली मांडीला टोचत होती.

शेवटी तो आला. सायकल हातात धरून, चालत. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला, ओठ पांढरे. सायकल टेकवायलाही त्राण नव्हतं, ती पडलीच. तो पायरीवर बसला आणि छातीवर हात ठेवून नुसता श्वास घेत राहिला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांचे वडील वावरात असेच घामाघूम होऊन धुऱ्याच्या बांधावर बसले होते. ते उठले नाहीत. कुंदाताई तेव्हा तिथेच होती.

ती ओरडली नाही. त्याच्यापुढे मातीत बसली, त्याचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"माह्या डोक्याची आन घे. आजपासून सायकलवर बसणार नाही म्हन."

देवीदासनं माझ्याकडे पाहिलं. मी तुम्हाला नेमकं सांगतो — त्याच्या डोळ्यांत विचारणं होतं. तुला यातलं कळतं, सायकलचं काही असेल का रे, असं. पायरीपासून दोन हातांवर सायकल पडली होती. मी उठून मागचं चाक फिरवलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. दोन शब्द पुरे होते. 'ब्रेक घासतोय.' कोणी घासवला हेसुद्धा सांगायची गरज नव्हती! खोटं बोलूनही मी त्याला वाचवू शकलो असतो.

मी खाली पाहिलं.

"म्हन ना रे," कुंदाताई म्हणाली, आणि आता ती रडत होती.

"तुही आन हाय बाई. नाही बसत."

नंतर तिनं दोघांना ओवाळलं. मला ओवाळताना म्हणाली, "तू संग होता म्हून बरं, वसंता. याले सांभाळत जाय." मी मान हलवली. करंजी खाल्ली. दोन खाल्ल्या.

यवतमाळला तपासण्या झाल्या. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काहीच नाही, हृदय घोड्यासारखं आहे. देवीदास म्हणाला, मग दम कायले लागला? डॉक्टर म्हणाले, वय. झालं — वय! मी शेजारच्या खुर्चीत होतो. तिथेही गप्प.

डॉक्टरनं काही नाही म्हटलं तरी आन ती आन. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे कोणी मोडत नाही, देवीदास तर नाहीच. मी आता खरं सांगितलं तरी तो सायकलवर बसेल का? मला माहीत नाही. पण म्हणून मी सांगितलं नाही, असं समजू नका. मला भीती वाटते, म्हणून सांगत नाही.

चार वर्षं झाली. भाऊबीजेला तो येस्टीनं जातो, मी त्याच्या शेजारच्या सीटवर असतो. तो आता जपून चालतो. जिना चढताना कठड्याला हात लावतो. वावरात पाण्याची मोटार ओढायची तर गड्याला हाक मारतो. छाती धडधडली की थांबून ऐकतो. धडधाकट माणूस आहे हो तो. हे जगात फक्त मला माहीत आहे.

त्या भाऊबीजेनंतर महिन्याभरानं त्यानं ती लाल सायकल माझ्या दुकानात आणून उभी केली. "तूच ठेव. तुले कदर हाय." मी दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून पेच सैल केला. चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, बिनआवाजाचं. मग शॉकअप काढला, जाड टायर काढले, ती होती तशी करून घेतली. काम सलीमभाईनंच केलं. माझी नवी सायकल घरी धूळ खात पडली आहे. रविवारी मी त्याचीच चालवतो. पळते. सलीमभाई खरं बोलला होता.

देवीदास सकाळी ढाणकी रोडनं पायी फिरायला जातो, हळूहळू, रस्त्याच्या कडेनं. पुलाजवळ मी त्याला मागे टाकतो. लाल सायकल दिसली की तो हात वर करतो. गेल्या रविवारीही केला.

"ब्रेक पाह्यले का रे, वसंता?"

"हाव," मी म्हणालो, आणि चढाला लागलो.