बावीस बोअरची दुर्बीण

नानांची बावीस बोअरची रायफल त्यांच्या माघारी माझ्या नावावर झाली. तिच्यावर दुर्बीण बसवायचं डोक्यात आलं ते मात्र मायमुळे. नाना म्हणजे माझे वडील. केदारखेड्याच्या अलीकडे आमची मोसंबीची बाग आणि मक्याचं रान आहे. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात, तिथंच ते दोघं राहायचे. मी भोकरदनला पंपाच्या जळक्या मोटारी रिवायंडिंग करून देतो. मक्यात रानडुकरं शिरली की नाना बांधाच्या मातीत एक गोळी झाडायचे आणि आवाजानं डुकरं पळायची. जनावराला त्यांनी कधी मारलं नाही. ते गेले तेही बागेच्या कोपऱ्यावर, दिवेलागणीला, बांधावर बसल्या बसल्या.

पुढं काही दिवसांनी माय सांगू लागली की ते रोज येतात. त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळेला, हात पाठीशी बांधून उभे राहतात. दूधवाला येऊन गेल्याचं सांगावं तसं ती हे सांगायची. बहिणीनं तिचे डोळे तपासून आणले, नजर चांगली निघाली. चुलत्यांनी भगताचं नाव काढलं, तेव्हा मी इतका भडकलो की त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं. मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे. मोटार जळते तेव्हा कुठली तरी तार गेलेली असते, तिला बाहेरची बाधा झालेली नसते.

मला मायला भोकरदनला आणायचं होतं. एकटी बाई, विंचूकाट्याचं रान, रात्री लाईटचा भरवसा नाही. मी परोपरीनं सांगून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं. "मी तिकडं आले तं हे येऊन कोणाकडं बघतीन?"

यात एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. श्रावणातल्या एका संध्याकाळी आखाड्यावर गाडी लावताना मलाही त्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी उभं दिसलं होतं. मी झटकन नजर काढून घेतली. तिथवर चालत जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. तेव्हापासून दुकानात कॉइल भरता भरता ते पांढरं डोळ्यांपुढं यायचं आणि वेढे मोजायचे चुकायचे. मी घाबरलो होतो, दुसरा शब्द नाही त्याला.

जवळ गेलं की ते नसतात, असं मायचं म्हणणं. म्हणजे लांब उभं राहून जवळून बघायला हवं. नुसती दुर्बीण आणली असती तर घरच्यांनी कशाला म्हणून विचारलं असतं. रायफलीवरच्या दुर्बिणीला डुकरांचं कारण पुरलं. शिवाय चाळिशीनंतर मला नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी धड दिसत नाही, हेही खरंच होतं.

संभाजीनगरच्या बंदुकांच्या दुकानदारानं आधी लांबलचक, नऊ पट मोठं दाखवणारी काढली. एवढं मोठं दाखवते आणि वर स्वस्त, म्हणून मी हुरळलो. दुसरी साधी चार पट दाखवणारी, दिसायला अगदी किरकोळ. दोन्ही माझ्या खिशाला झेपणाऱ्या. मी म्हणालो, दिवस मावळल्यावर बघून घेतो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, पण मी दुकानात ठाण मांडून बसलो. त्याचा चहा प्यायलो, त्याच्या कपाळावरच्या आठ्याही बघितल्या.

उजेड उतरला तेव्हा पायरीवर उभा राहून मी दोन्हींतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघितली. मोठीतून सगळं धुरात बुडाल्यासारखं. शिवाय मान जरा हलली की आतली नेमाची फुली टाकीवरून सरकायची. ती लांब पल्ल्याच्या बंदुकांसाठी जुळवलेली होती. आमच्या रायफलीचं काम पन्नास पावलांचं. धाकटीतून टाकी लहान दिसली, पण तिच्या झाकणाची कडीही ओळखू आली. फुली जागची हलली नाही. तिचे चिमटेही रायफलीवरच्या अरुंद खाचेत बसणारे होते. पैसे घेताना दुकानदारानं विचारलं, "शाम के वखत ऐसा क्या देखना है आपको?" मी म्हणालो, डुकरं.

दसऱ्याच्या सकाळी आखाड्यावर ती बसवली. बांधाला कागद टोचला आणि स्क्रू फिरवत फिरवत नेम जुळवला. मग गोळ्या काढून रायफल पूजेला ठेवली. विळे, कुऱ्हाड, पंपाचा स्टार्टर यांच्या ओळीत तीही. थोड्या वेळानं बघतो तर मायनं दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं. मी मोठ्यानं ओरडलो. काच आहे, चरा पडेल, एवढं कळत नाही का.

"नवी वस्तू हाये," ती शांतपणे म्हणाली. "आन् हिच्यातून जवळून दिसतीन ना आता."

मी कापडानं काच पुसत राहिलो. तिथं कोणी नाही हे तिला दाखवायला मी ही आणली होती. ती मात्र दर्शनाला निघाल्यासारखी तयार होती. संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली. मी रायफल उचलून कोपऱ्याकडं वळवली, तशी तिनं माझा हात धरला.

"त्यांच्यावर नळी धरतू का रे?"

नानांचा तो नियमच होता. ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी धरायची नाही, रिकामी असली तरी. सकाळी जुळवलेला नेम जाणार होता, तरी मी पेचकस आणला, चिमटे सोडवले आणि नुसती दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं ती डोळ्याला घट्ट लावली. म्हणाली, काळंच हाये. डोळा चार बोटं लांब ठेवायचा असतो, तो मी तिचं कपाळ धरून ठेवून दिला. मग तिचं तोंड जरा उघडं राहिलं, म्हणजे चित्र उघडलं असावं.

ती बघत राहिली. बागेतला पाखरांचा कालवा थांबला, मोसंबीच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, तरी बघत राहिली. मी शेजारी उभा होतो आणि माझ्या मनात एकच चाललेलं, की हिनं 'आहेत' म्हणावं. माझं मलाच नवल वाटलं, लाजही वाटली, पण मला तेच हवं होतं.

"कोणी न्हाई," ती म्हणाली. दुर्बीण माझ्याकडं देऊन ती आत गेली आणि चूल पेटवू लागली. मी स्वतः त्यातून बघितलं नाही. धीर झाला नाही.

दिवाळीच्या आधी माय भोकरदनला आली. तिनं एका शब्दानंही नकार दिला नाही. बहीण मला म्हणाली, शेवटी तूच आणलंस तिला. माय इथं नीट जेवते, नातवंडांत बसते. दिवस मावळताना मात्र दुकानावरच्या गॅलरीत खुर्ची टाकते. समोर दुसऱ्या घराची भिंत आहे.

परवा मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"तुही ती दुर्बीण यायच्या आधी बरं होतं," ती म्हणाली. "लांबून का व्हईना, दिसायचे."