ट्यूब वाढली

आमच्या रिहे गावच्या घरात काही म्हणून फुटत नसे. बांगडी फुटली तर ती ‘वाढायची’, मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तोही ‘वाढायचा’, आणि डबीतलं कुंकू संपलं तरी ते वाढलेलंच. माझ्या सासूचा, म्हणजे आत्याबाईंचा, तसा कायदाच होता. अभद्र बोललं की अभद्र घडतं म्हणे. मी भरे गावची. माहेरीही असं बोलायचे, पण इतकं डोक्यावर घेत नव्हते.

नवरा तेव्हा पिरंगुटच्या बाजूला कारखान्यात लागला होता. तिथल्या वायरमनचं ऐकून त्यानं घरात ट्यूब आणली. “वीज कमी खाती आन् उजेड लई देती,” म्हणाला.

“म्हंजी सूनच की,” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

मग त्यानं वायरमनचं सगळं ऐकवलं. आत पारा असतो, पांढरी भुकटी विषारी असते, फुटली तर आमच्या तान्ह्या पोरीला लांब न्यायचं, दारं उघडायची, हात न लावता ओल्या फडक्यानं टिपायचं. ‘फुटली’ शब्द आला तेव्हाच आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले होते. पुढचं काही त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

दिवेलागणीला दिव्याला हात जोडायची त्यांची सवय. बल्ब बिचारा साधा, बटण दाबलं की पेटायचा. ही बया आधी चार वेळा डोळे मिचकावायची. आत्याबाई हात जोडायच्या, ती विझायची. सोडायच्या, ती लुकलुकायची. पावसाळ्यात व्होल्टेज कमी असलं की हा नमस्कार बराच वेळ चाले, आणि मी पदर तोंडात कोंबून बसायची.

लावणीचे दिवस होते. सांज झाली होती, मी घरामागच्या खाचरात वाकले होते. नऊ महिन्यांची लेक आजीपाशी होती. ट्यूब काही केल्या धरेना. म्हणून आत्याबाई तिला टिचकी मारायला निघाल्या. दिव्याला केरसुणीच्या दांड्यानं कसं मारायचं, म्हणून ताकाची रवी घेतली. रवी बसली जोरात. मग मागच्या दारातून हाक आली.

“आगं ए, ट्यूब वाढली!”

मला वाटलं, व्होल्टेज वाढलं, उजेड वाढला.

“वाढू द्या की मग!” मी ओरडले आणि निवांत उरलेली ओळ लावून काढली. अशी अक्कल देवानं कुणाला देऊ नये.

घरात आले तर काळोख. आत्याबाई चुलीच्या उजेडात नुसत्या हातांनी काचा गोळा करत होत्या. लेक भाकरीच्या काटवटीशेजारी बसून बोटं चोखत होती. हनुवटीपासून कानापर्यंत पांढरी.

“आत्याबाई, इख हाय त्यात, इख!” मी किंचाळले. पोरीला ओढून मागच्या दारात नेलं, बोटं तोंडातून काढली. आत्याबाई धावत आल्या. पांढरं ते भाकरीचं तांदळाचं पीठ, की ट्यूबची भुकटी? अंधारात कळायला मार्ग नव्हता. चवीनंच काय ते कळणार होतं. मी पोरीचा गाल चाटायला तोंड पुढं केलं, तर आत्याबाईंनी रक्ताळल्या हातानं मला मागं ढकललं.

“सर मागं. तुला आजून पोरं व्हायचीत.”

आणि त्यांनीच चाटलं. आधी बोटं, मग गाल, मग हनुवटी. डोळे मिटून तोंडात घोळवत राहिल्या. आयुष्यात मी कुणाच्या तोंडाकडे इतकं टक लावून पाहिलेलं नाही.

“पीठ हाय,” त्या म्हणाल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडल्या. मीही रडले. लेक मात्र आजीच्या नथीशी खेळत होती.

रात्री नवऱ्यानं दोघींना यथेच्छ शिव्या घातल्या, ओल्या फडक्यानं सगळी जमीन पुसली आणि जुना बल्ब लावला. दोन दिवस आम्ही लेकीवर नजर ठेवून होतो, आणि मी चोरून आत्याबाईंवरही. दोघींना काही झालं नाही.

महिन्यानं नवीन ट्यूब आली. पेटली, विझली, पेटली. आत्याबाईंनी शांतपणे वाट पाहिली, नीट धरल्यावर हात जोडले, आणि देवाला सांगावं तसं तिला स्वच्छ सांगितलं, “हे बग बाई, घरात ल्येकरू हाय. तू फुटलीस, तर मी फुटली म्हननार.”